प्रवाळाची तब्येत

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी प्रत्येक बाई दिवाणखान्यात बसता बसता एकच प्रश्न विचारते, "अगं, टाकी एवढी मोठी, आणि मासे दोनच?"

मग मी सांगते, की ही माशांची टाकी नाहीच. मासे आपले सोबतीला. टाकी आहे ती त्या तळाच्या दगडांवर बसलेल्या मंडळींची. एक छत्रीसारखे, काही बटणांसारखी, एक हिरव्या ताटलीसारखे. ती सगळी प्रवाळे आहेत आणि सगळी जिवंत आहेत. यावर पाहुणीचा चेहरा पाहण्यासारखा होतो. धाराशिवमध्ये, जिथे नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहण्यात निम्मा जन्म जातो, तिथे समुद्र कोणी घरात आणून ठेवतो का?

आम्हीही आणला नसता. धाकटे भाऊजी मुंबईला होते, तेव्हा त्यांना हा नाद लागला. मग आखातात नोकरी लागली, आणि सव्वाशे लिटरची ती टाकी, तिचे दिवे, पंप नि मिठाच्या पिशव्या टेम्पोत घालून त्यांनी आमच्याकडे पाठवून दिल्या. "वहिनी, दोन वर्षांचा प्रश्न आहे. तुम्ही कुंड्या सांभाळता तशीच ही सांभाळा," एवढे सांगून विमानात बसले. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवणारी. रसायनशास्त्राची नि माझी गाठ दहावीनंतर सुटलेली. पण दिराने विश्वासाने दिलेली जिवंत वस्तू, नाही तरी कशी म्हणायची?

पोवळे आणि प्रवाळ

आपल्याला पोवळे माहीत असते ते अंगठीतले. ते लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. अंधुक उजेडात वाढणारे, आणि वाढ इतकी संथ की वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही. ते आपल्या भागाला काही नवे नाही बरं का! दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळ्यांचे नाव आहे, आणि त्या बंदराशी बैलगाड्यांनी व्यापार करणाऱ्या तगर नगरीचेही आहे. तगर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले तेर. तेव्हा मराठवाडा नि पोवळे यांचा संबंध तसा जुनाच.

टाकीतली प्रवाळे मात्र वेगळी. ती उथळ, उजेडाच्या, कोमट समुद्रातली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे नि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. एकेक जीव म्हणजे एक तोंड नि त्याभोवती बारीक हातांचे कडे. असे शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात, तिला वसाहत म्हणतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाला रंगही बराचसा त्याच भाडेकरूमुळे येतो. टणक प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली सांगाडा बांधत जाते. मऊ प्रवाळाला असा दगडी सांगाडा नसतो.

भाऊजींच्या टाकीत मऊ प्रवाळे जास्त होती आणि टणक दोनच. एक फांद्यांचे, बोटाएवढे, आणि एक ताटलीसारखे. दोन्ही परदेशात टाकीतच वाढवलेली, कागदपत्रांसह घेतलेली. कागदांचे महत्त्व पुढे सांगते.

एका दिवसात तीन उपाय

पहिल्या मार्चमधली गोष्ट. सकाळी केर काढायला आलेल्या मावशी टाकीपुढे थांबल्या नि म्हणाल्या, "वैनी, ही छत्री मिटली की ओ. वाळली काय की."

खरेच. ते छत्रीसारखे मऊ प्रवाळ, ज्याला हे लोक चामडी प्रवाळ म्हणतात, पार आकसले होते. वरची मखमल गेलेली, अंगावर मेणासारखा तुकतुकीत थर. दुसऱ्या दिवशीही तसेच. माझ्या पोटात गोळा आला. भाऊजींना फोन लागेना. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि एका दिवसात तीन उपाय केले. मीठ कालवून निम्मे पाणी बदलले, आणि तेही गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतल्या पाण्यात घाईने कालवलेले. छत्री उचलून अगदी दिव्याखाली ठेवली. आणि दुकानदाराने फोनवर सांगितलेले औषध ओतले.

दोन दिवसांनी ते बोटाएवढे फांद्यांचे प्रवाळ बुंध्यापासून पांढरे होऊ लागले. कांद्याची साल सुटावी तसे मांस सुटत गेले, आणि तिसऱ्या सकाळी नुसता पांढरा सांगाडा उरला. तोवर त्याला काहीही झालेले नव्हते. ते उत्तम होते.

आणि छत्री? तिने आणखी तीन दिवसांनी अंगावरचा तो मेणचट पापुद्रा टाकला नि पूर्वीपेक्षा मोठी होऊन उघडली. चामडी प्रवाळ अधूनमधून असे मिटते, कात टाकते, पुन्हा फुलते. ते दुखणे नव्हतेच! मी धडधाकटाला आजारी समजले आणि त्याच्या औषधाने दुसऱ्या धडधाकटाचा जीव घेतला.

भाऊजींना सांगताना रडू आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, वही घाला. रोज पाहा, लिहा. आणि जे कराल ते आठवड्यात एकच करा." ती वही आज तिसरी आहे. तिच्यात जे शिकले ते इथे देते. ज्यांच्या घरी अशी टाकी असेल त्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांनाही समुद्रावर गेल्यावर आठवेल.

रंगावर जाऊ नये

नवशिक्याची पहिली चूक रंगाची. पांढरे दिसले की मेले, तपकिरी झाले की कुजले, असे आपण समजतो. तसे नसते.

सबंध प्रवाळ एकसारखे पांढरे पडले, पण भिंगातून पाहिल्यावर अंगावर काचेसारखे पारदर्शक मांस आहे नि बारीक तोंडे दिसताहेत, तर ते जिवंत आहे. फार उष्म्याने किंवा फार उजेडाने त्याच्या अंगातले शैवाल निघून गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. ह्याला विरंजन म्हणतात. ते उपाशी आहे, पण वेळीच उष्मा उतरला तर काही आठवड्यांत रंग परत धरू शकते. याउलट पांढऱ्या भागावर मांसच नाही, खडबडीत सांगाडा उघडा पडला आहे, तर तेवढा भाग मेला. शंका वाटली तर थोडे दिवस थांबावे. मेलेल्या सांगाड्यावर लवकरच हिरवट-तपकिरी शेवाळ चढते. जिवंत मांस ते चढू देत नाही.

तिसरा पांढरा रंग तर चक्क आनंदाचा. ताटलीच्या काठावर किंवा फांदीच्या टोकाला तेवढीच फिकट, स्वच्छ किनार दिसते. तिथे नवा सांगाडा बांधला जात असतो आणि शैवाल अजून दाट झालेले नसते. बाळाच्या नव्या दातासारखी ती खूण. मात्र पांढरे बुंध्याकडून वर चढत असेल, तर ती वाढ नव्हे, ती माघार.

तपकिरी रंगाचेही तसेच. पाण्यात माशांच्या खाण्याचे खत फार झाले किंवा उजेड कमी पडला, की अंगातले शैवाल दाट होते आणि प्रवाळ तपकिरी दिसते. दिसायला देखणे नाही, पण जीवाला धोका नाही. खाणे कमी करावे, एवढेच.

उघडणे आणि मिटणे

तब्येतीची दुसरी खूण म्हणजे हात पसरणे. पुष्कळशी टणक प्रवाळे रात्री उघडतात, कारण समुद्रात बारीक जिवांचे अन्न रात्री वर येते. म्हणून दिवे मालवल्यावर तासाभराने अंधुक बॅटरीने बघावे. आमची ताटली दिवसा नुसती हिरवी दिसते. रात्री तिच्यावर जाईच्या कळ्यांसारखे हात उमलतात.

एक दिवस मिटलेले प्रवाळ आजारी नसते. माशाने टोचले असेल, शेजाऱ्याने डंख मारला असेल, नाही तर पंपाचा झोत अंगावर येत असेल. एकच मिटले असेल तर कारण त्याच्याच आसपास शोधावे. सगळी एकदम मिटली, तर मात्र दोष पाण्यात आहे. आधी उष्मा नि खारेपणा मोजावा. दुखणे एकट्याचे की घराचे, हे आपण मुलांच्या बाबतीत पाहतोच ना? तसेच.

खरी धोक्याची चिन्हे तीनच: मांस सुटून सांगाडा उघडा पडणे, अंगावर तपकिरी जेलीसारखा चिकट थर येणे, आणि टाकीला कुजका वास. ही दिसली तर मात्र थांबू नये. तेवढा तुकडा वेगळ्या भांड्यात काढावा.

आणि प्रवाळे हाताळताना हातात रबरी मोजे हवेतच. बटणासारख्या प्रवाळांच्या काही जातींत अतिशय जहाल विष असते. त्यांचा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये की घासू नये. वाफेने घरातली माणसे इस्पितळात गेल्याची उदाहरणे परदेशात घडलेली आहेत. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

वाढ मोजायची कशी?

रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. आपली मुले आपल्याला मोठी झालेली दिसत नाहीत, आजोळी गेल्यावरच कोणीतरी म्हणते, "केवढा उंच झाला!" फांद्यांची प्रवाळे समुद्रात वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंतही वाढतात; गोट्यासारखी घट्ट प्रवाळे कसाबसा एखादा सेंटिमीटर. म्हणून महिन्याला एकदाच मोजावे.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पंप बंद करून, काचेला समोरून नि अगदी सरळ मोबाईल धरून फोटो काढते. काचेवर एका ठरलेल्या जागी मुलाची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवते. दिवे तेच, वेळ तीच, अंतर तेच. तिरके धरले तर पाणी नि काच मिळून आकार फसवतात. एकदा मला ताटली पंधरा दिवसांत बोटभर वाढलेली दिसली होती! बटणांच्या बाबतीत पट्टी लागत नाही, तोंडे मोजायची. आमची अकरा होती, ती आता सदतीस आहेत.

यापेक्षाही चांगली एक खूण आहे, आणि ती स्वयंपाकघरातली आहे. घरात मुलांना भूक लागतेय की नाही हे ताटावरून नाही कळले, तरी पिठाच्या डब्यावरून कळते. टाकीतही टणक प्रवाळे सांगाडा बांधतात तेव्हा पाण्यातला चुना नि क्षार खर्च होतात. मी दर चार दिवसांनी पाण्याची क्षारता मोजते. कुपीतल्या निळ्या पाण्यात थेंब टाकत जायचे. ते पिवळे व्हायला किती थेंब लागले ते मोजायचे. आठ लागले की ठीक. चार दिवसांत आठाचे सात झाले, तर डबा रिकामा होतोय, वाढ चालू आहे. नेहमी खाली येणारा आकडा एकाएकी जागचा हलेनासा झाला, तर समजावे की कोणीतरी जेवायचे थांबले आहे. डोळ्यांना काही दिसण्यापूर्वी हे कळते.

आणि ही भर काढायची कशाने? चुन्याच्या निवळीने! आजीच्या औषधातली निवळी जगभरचे प्रवाळ पाळणारे वापरतात, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. चुना पाण्यात विरघळतो तो लिटरला जेमतेम दीड-दोन ग्रॅम. बाकीचा तळाला बसतो. वरचे स्वच्छ पाणी फक्त घ्यायचे, आणि तेही रात्री, थेंबथेंब, कारण निवळी फार तिखट असते. पानाच्या डबीतला चुना मात्र अजिबात चालत नाही. शुद्ध चुनाच हवा.

पाणी, ऊन आणि सासूबाई

आमच्या गावात खरा प्रश्न वेगळाच. बोअरचे पाणी जड, ते चालत नाही. गाळणी यंत्राचे पाणी घ्यावे, तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जाते. शिवाय टाकीतले पाणी उडते पण मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे मी दोनदा चुकले होते. तेव्हा सासूबाईंनी काचेवर खडूने रेघ ओढली. "रांजणाला खूण करायचो आम्ही, तशी कर. सकाळी रेघेपर्यंत भर, म्हणजे चुकायचं नाही." त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. पाण्याचा हिशेब त्यांना कोणी शिकवायला नको.

एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळीस ओलांडतो आणि टाकीला हवे असते पंचवीस-सव्वीस. थंड करणारे यंत्र महाग. मग पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असे दोन छोटे पंखे बसवले. मुंबईच्या दमट हवेत त्यांचा फार उपयोग होत नसे, असे भाऊजी म्हणतात. आमच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडते नि दोन-तीन अंशांनी उतरते. जो कोरडेपणा आपल्याला छळतो तोच इथे कामी येतो. पण त्या दिवसांत रोज तीन-चार लिटर पाणी उडते, तेही खरे.

गेल्या उन्हाळ्यात नळ दहा-दहा दिवसांनी येत होते तेव्हा शेजारच्या काकू स्पष्टच बोलल्या, "माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही दगडांना पाजता?" त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आणलेलं जनावर दुष्काळात सोडून देत नाहीत. पण नवं घेतही नाहीत." हा निवाडा मला पटला. यंत्राचे वाया जाणारे पाणी आता भांड्यांना नि फरशीला जाते, एक थेंब मोरीत नाही. आणि टाकीत नवे प्रवाळ आणायचे नाही. मेलेल्या फांदीची जागा रिकामीच आहे.

मालवणला जे दिसले

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तारकर्लीला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात तोंडाला नळी लावून प्रवाळे दाखवतात. हा मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग, १९८७ साली जाहीर झालेला. उतरण्यापूर्वी नाववाला पोरगा म्हणाला, "पाय टेकू नकात हां, जिता आसा तां." तेवढ्यावरून मला तो आपला माणूस वाटला.

वर आल्यावर आमच्या नावेतल्या एक बाई हिरमुसून म्हणाल्या, "सगळी मळकट तपकिरी आहेत. मेलेलीच असणार." मी म्हटले, "नाही हो, तपकिरी म्हणजे पोटभर जेवलेली." एका पसरट वसाहतीच्या काठाला फिकट किनार होती, 'हे' म्हणाले, "अगं, ही आपल्या ताटलीसारखी वाढतेय." पण एका ठिकाणी सबंध गोटाच पांढरा होता. मी श्वास धरून जवळ गेले, अंगावर मांस आहे का पाहायला. लाटेने ते काही कळू दिले नाही. अजून ते माझ्या मनात राहिले आहे.

मालवणच्या प्रवाळांचे विरंजन होत असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ साली मांडले होते. समुद्र तापला की हे घडते. १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ या काळात जगभरची प्रवाळे अशी पांढरी पडली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. मी माझ्या सव्वाशे लिटरला पंखा लावला. समुद्राला कोण लावणार?

निदान हात तरी लावू नये. आपल्या देशात टणक प्रवाळे, समुद्रपंखे, काळे प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे वाघाइतकेच संरक्षण आहे. किनाऱ्यावरून शोभेसाठी तुकडा आणणेही गुन्हा आहे. म्हणूनच टाकी ठेवणाऱ्याने आधी कागद मागावेत. "आपल्याच समुद्रातलं आहे, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये. मुंबईत सागरी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली नि वरळीकडच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या, तेही परवानगी घेऊनच. त्या रुजल्या की नाही हे कळायला तज्ज्ञांनाही पुन्हा पुन्हा जाऊन पाहावेच लागले.

थोडक्यात

रोज: रेघेपर्यंत गोडे पाणी, उष्मा मोजणे, कोण उघडले, कोण मिटले ते लिहिणे.

आठवड्याला: खारेपणा, क्षारतेचे थेंब, रात्री एकदा बॅटरीने पाहणे.

महिन्याला: पट्टी लावून फोटो; तोंडे मोजणे; मागच्या फोटोशी ताडून पाहणे.

नेहमी: एका आठवड्यात एकच बदल. मोजल्याशिवाय औषध नाही.

भाऊजी या महिन्यात रजेवर येणार आहेत. टाकी परत नेणार का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही. तीन वह्या मात्र काढून ठेवल्या आहेत, आणि पहिल्या वहीतले ते मार्चचे पानही फाडलेले नाही.

कालच छत्री पुन्हा मिटली. मावशी केरसुणी घेऊन टाकीपुढे क्षणभर थांबल्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "कात टाकायलीय वैनी. राहू द्या. आपसूक उठंल." आणि पुढच्या खोलीत केर काढायला गेल्या. मी वहीत तारीख घातली, 'मिटली' एवढे लिहिले आणि शाळेला निघाले.